पाटा नव्हे, शॉकअप!

ज्यांनी बैलगाडीचा कणा आणि साटा जवळून पाहिला आहे, त्यांना पिकअपच्या मागच्या बाजूची रचना समजायला अवघड नाही. खाली आडवा आस, त्यावर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची चळत आणि वर मालाचा हौदा. एवढे सगळ्यांच्या नजरेत भरते. पण आस आणि सांगाडा यांच्यामध्ये तिरपी बसवलेली दोन नळकांडी असतात, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. तेच शॉकअ‍ॅब्झॉर्बर, आपल्या बोलण्यातले शॉकअप.

आमच्या घरची शेती थोरले बंधू पाहतात आणि जुनी पिकअप पुतण्या चालवतो. गेल्या हंगामात तो टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला जाई आणि तोंड पाडून परत येई. क्रेटमध्ये माल २० किलो, पण खालच्या थरातली फळे दबून फुटलेली. व्यापारी क्रेट ओतून बघायचा आणि भाव पाडायचा. पुतण्याने निदान करून टाकले, "काका, पाटे बसलेत. आणखी एक पाटा वाढवू."

गावोगाव हाच उपाय चालतो. मी त्याला म्हटले, "अरे, पाटा भार पेलतो. खड्ड्यात दबतो आणि उसळतो, पण उसळी आवरणे हे त्याचे काम नाही. पाळण्याला झोका दिला की तो थांबवायला हात लागतो ना? तो हात म्हणजे शॉकअप." नळकांड्यात तेल असते आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या. तेल त्या छिद्रांतून रेटले जाते तेव्हा उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणून खडबडीत रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला कोमट लागतो. तो निकामी असताना पाटा वाढवला, तर गाडी जास्त ताठ होते आणि हिसका थेट मालाला बसतो. शिवाय उसळणारे चाक रस्ता नीट धरत नाही; ब्रेक लांबतो, टायर चट्ट्याचट्ट्यांनी झिजतो.

वाकून पाहिले, तर एक शॉकअप तेलाने ओला होऊन धुळीने माखलेला आणि दुसऱ्याचे रबरी बुश चिरलेले. दोन्ही एकदम बदलायचे ठरले. एक नवा आणि एक थकलेला असला, तर दोन्ही बाजू सारख्या आवरल्या जात नाहीत.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "भाऊजी, पोराला गाडीखाली घालू नका," म्हणाल्या. त्यांची भीती रास्त होती. अंगणाच्या मातीत जॅक खचतो, विटा फुटतात, आणि खाली माणूस असतो. पण आमच्या गाडीला मागे पाटे असल्याने ती उचलायची गरजच नव्हती. चारी चाके जमिनीवर, सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, हातब्रेक ओढलेला आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके. एवढे पाहिल्यावरच वहिनी आत गेल्या.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने बोल्ट घासून गंज सोडवणारे तेल सोडले होते. सकाळी पान्याला ते बऱ्यापैकी दाद देऊ लागले. एक अडला, तेव्हा पुतण्या म्हणाला, "गॅसने तापवू का?" मी हात धरला. आत तेल असते, काहींत दाबाखाली वायूही. नळकांड्याला ज्योत लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पुन्हा तेल सोडून तासभर थांबलो, बोल्ट सुटला.

शॉकअप निघाला आणि पुतण्या गाडीकडे बघतच राहिला. हौदा बोटभरही खाली आला नव्हता. "म्हणजे भार याच्यावर नव्हताच!" जुना शॉकअप हाताने दाबला, तर वायसर गेलेल्या सायकलपंपासारखा वर-खाली झाला. नव्यावर अंगाचा भार टाकावा लागला. उभा धरून तो चार-पाच वेळा दाबून घेतला, म्हणजे आतली हवा जागची हलते. बुशला तेल-ग्रीस लावले नाही. रबर त्याने खराब होते. गाडी चाकांवर उभी असतानाच बोल्ट शेवटचे आवळले, नाहीतर बुश पिळलेले राहते. आठवड्याने पुन्हा पाना लावून पाहिला.

रस्त्यातले खड्डे आहेत तिथेच आहेत, आणि शॉकअप बदलला म्हणून चार क्रेट जास्त भरावेत असेही नाही. पण खालच्या थरातली फूट बरीच कमी झाली. जुने शॉकअप भंगारात दिले. त्यातले तेल मातीत किंवा विहिरीजवळ सांडू दिले नाही.

जेवताना पुतण्याने सगळी हकिकत आईला सांगितली. वहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "म्हणजे या घरात पाटे तुम्ही सगळे, आणि शॉकअप मी!" बंधूंनी मान हलवली. यावर वाद घालण्यासारखे काहीच नव्हते.