धर्माची गाय आणि तिचे दात

दोस्तांनो, आपल्याकडे एक जुनी म्हण आहे – 'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, असा तिचा अर्थ. वाढदिवसाला मिळालेल्या कंपासपेटीला ही म्हण चालते. पण आज मी तुम्हांला अशा एका दानाबद्दल सांगणार आहे, जिथं गाईचे दात मोजावेच लागतात, आणि तेही पुन्हा पुन्हा! ते दान म्हणजे माणसाच्या हृदयाची झडप.

आधी झडप म्हणजे काय ते पाहू. शेजारी बसलेल्या दोस्ताच्या छातीला कान लावा. 'लब-डब, लब-डब' ऐकू येतंय ना? तो झडपा मिटल्याचा आवाज. हृदयात अशा चार झडपा असतात. रक्त पुढं जाऊ द्यायचं, मागं फिरू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह करतो ना, अगदी तसंच. फरक एवढाच, की हृदयाची झडप दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. तिला ना रविवारची सुट्टी, ना दिवाळीची!

काही मुलांची झडप जन्मापासूनच अरुंद असते. काहींची पुढं बिघडते. एका विशिष्ट जंतूमुळे घसा दुखतो, त्याच्यावर नीट उपचार झाले नाहीत, तर नंतर ताप आणि सांधेदुखी येते आणि झडपांनाही इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं तरी पूर्ण संपवायच्या, बरं का!

बिघडलेली झडप बदलता येते. त्यासाठी कारखान्यात बनवलेल्या झडपा असतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. पण अशी यांत्रिक झडप बसवली, की रक्त गोठू नये म्हणून जन्मभर औषध घ्यावं लागतं. मृत व्यक्तीच्या हृदयातून मिळालेल्या झडपेला सहसा ते लागत नाही. म्हणून लहान मुलांच्या काही शस्त्रक्रियांत ती फार मोलाची ठरते. तिच्यातही उणीव आहेच. ती मुलाबरोबर वाढत नाही, त्यामुळे पुढं कधीतरी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

१९६२ साली लंडनमध्ये डोनाल्ड रॉस यांनी अशी झडप बसवली. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ब्रायन बॅरट-बॉइज यांनीही ते करून दाखवलं. पुढं प्रश्न आला तो झडपा स्वच्छ करून साठवायचा. सुरुवातीला त्या कडक रसायनांनी किंवा किरणांनी निर्जंतुक करत. जंतू मरत, पण झडपही कमजोर होई आणि लवकर फाटे. मग डॉक्टरांनी सौम्य वाट धरली. आता झडप प्रतिजैविकांच्या द्रावणात भिजवतात आणि थंड ठेवतात.

थंड म्हणजे किती? आपल्या नाशिककरांना हे सांगायला नको! द्राक्षं शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, पण गोठू देत नाहीत. एक घड फ्रीजरमध्ये ठेवून पाहा. बाहेर काढल्यावर मणी लिबलिबीत होतात, कारण आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. झडपेचंही तसंच. साध्या थंडीत ती काही आठवडेच टिकते. वर्षानुवर्षं ठेवायची तर गोठवावीच लागते. म्हणून ती आधी पेशींना जपणाऱ्या द्रवात ठेवतात, मग दर मिनिटाला साधारण एकेक अंशानं थंड करत नेतात आणि शेवटी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. या नायट्रोजनचं तापमान असतं उणे १९६ अंश सेल्सिअस!

पण एवढ्या निगुतीनं साठवायची कोणती झडप? इथंच दात मोजायचे असतात.

हे मला कळलं ते माझी आत्या वारली तेव्हा. तिच्या इच्छेप्रमाणे आम्ही नेत्रदान केलं. नेत्रपेढीचे डॉक्टर घरी आले आणि विचारू लागले, "यांना कावीळ झाली होती? कधी कुत्रा चावला होता?" मग रक्ताचा नमुनाही घेतला. बाबा आधीच रडवेले झाले होते. ते चिडून म्हणाले, "देतोय आम्ही, आणि झडती आमचीच?" डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, हे डोळे कुणाच्या तरी लेकीला बसतील. तिचे वडील आज इथं नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं मी विचारतोय." बाबांनी डोळे पुसले आणि एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं.

झडपेच्या बाबतीतही हेच चालतं. घरच्यांना आजारांविषयी विचारतात. रक्तात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांचा संसर्ग नाही ना, हे तपासतात. झडप कुठं फाटलेली नाही ना, ते पाहतात. तिच्याबरोबरच्या उतीचा तुकडा प्रयोगशाळेत ठेवून जंतू वाढतात का, याची वाट पाहतात. शंका आली, तर ती झडप वापरत नाहीत. इतक्या दुःखात कुणी दिलेलं दान बाजूला ठेवायचं, हे सोपं नसतं. पण घेणारं मूल आधीच आजारी असतं. त्याला दुसरा आजार देऊन कसं चालेल?

आपल्या देशात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. २०११ च्या दुरुस्तीनं त्यात उतीही आल्या. ही खरेदी-विक्रीची वस्तू नाही, हे कायदाच सांगतो. दिल्लीच्या एम्समध्ये झडपांची पेढी आहे. दान केलेलं अख्खं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागावं लागतं. म्हणून तर रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका पळवतात. पण ज्या हृदयाचा स्नायू कामाचा राहिला नाही, त्याच्याही झडपा कधीकधी धडधाकट असतात. आणि गोठवलेली झडप घाई करत नाही. योग्य मूल येईपर्यंत ती थांबते.

मरणानंतर होकार द्यायचा असतो तो घरच्यांनी. म्हणून या रविवारी जेवताना आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा, "तुम्हांला काय वाटतं?" आणि हेही सांगून ठेवा, की कुणी प्रश्न विचारू लागलं तर रागवायचं नाही. ते प्रश्न एका अनोळखी मुलासाठी असतात.