मिसलटो लेनवरचं जुनं घर

खून नसलेली रहस्यकथा मला फार आवडते. कोणी कोणासाठी काय जपून ठेवलं, एवढाच प्रश्न तिला पुरतो. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत टीव्हीवर लागणाऱ्या हॉलमार्कच्या चित्रपटांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. २०२३ सालचा ‘मिस्टरी ऑन मिसलटो लेन’ त्यांतलाच. हायडी मुलांना घेऊन एका लहानशा गावात येते, तिथल्या इतिहास मंडळाची धुरा घ्यायला. राहायचं घर जुनं, आणि त्यात जागोजागी दडलेल्या खुणा. एक सापडली की ती पुढचीकडे बोट दाखवते. त्या वाटेवर डेव्हिड नावाच्या माणसाची साथ मिळते.

मला इथे रहस्य आणि प्रेम वेगळं काढताच येत नाही. दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसली की अवघडतात. दोघांनाही तिसरंच काही शोधायचं असलं, की जुन्या कागदांवर वाकलेली डोकी आपसूक जवळ येतात. हा माणूस घाई करतो की थांबतो, मुलांचं ऐकून घेतो का, परक्याच्या जुन्या दुःखाला किती हलका हात लावतो, हे सगळं न विचारता कळत जातं.

आणि अशा गोष्टीला सणच हवा. पानं मांडताना जो नाही त्याची जागा आधी दिसते. म्हणून सणाच्या घरात जुनं पत्र सापडलं की ते आजचंच वाटतं. डिकन्सने १८४३ साली ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये नाताळच्या रात्री भुतं आणली, ती स्क्रूजला त्याचा हरवलेला काळ दाखवायला. फराळाची बशी शेजारी ठेवून दिवाळी अंकात रत्नाकर मतकरींची गूढकथा आधी उघडत आलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

हॉलमार्क मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी. जॉइस हॉल यांनी १९१० साली कॅन्सस सिटीत पोस्टकार्डं विकण्यापासून सुरुवात केली. हाताने लिहिलेल्या चार ओळी माणसाला किती धरून ठेवतात, हे त्या घराण्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

हे चित्रपट साचेबद्ध असतात, हे खरंच. त्यांतले कितीतरी कॅनडात, भर उन्हाळ्यात चित्रित होतात; बर्फ खोटा, लोकरीच्या कोटाखाली नटमंडळी घामाघूम. मला त्या घामाबद्दल आदरच वाटतो. थंडी नसताना थंडी वाजणं आणि प्रेम नसताना लाजणं, दोन्ही एकाच वेळी निभावणं सोपं नाही.

शेवटी चुंबन येणार, हे पहिल्याच प्रसंगात कळलेलं असतं. मला ओढ असते ती त्याच्या थोडं आधीच्या वेळेची: एकच खूण उरलेली आहे, दोघांनाही उत्तर हवंय, आणि शोध संपायला मात्र दोघांपैकी कोणालाच नकोय.