आंबट द्राक्षांची गोष्ट

मंडळी, 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' ही म्हण शिकवता शिकवता माझी नोकरी सरली. पण आंबट आहे म्हणूनच जिला मान आहे, अशीही एक द्राक्षाची जात आहे बरं का!

तिचं नाव युनी ब्लाँ. मूळची इटलीची, तिथे तिला त्रेब्बियानो म्हणतात. फ्रान्समधली कोन्याक नावाची प्रसिद्ध ब्रँडी जवळजवळ सगळी याच पांढऱ्या द्राक्षाची. १८७० नंतर फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीनं तिथल्या बागा उजाड केल्या. मग अमेरिकन खुंटावर कलमं बांधून नवी लागवड झाली आणि हळूहळू हीच जात पुढे आली. (आपल्या तासगावकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन भरतात, त्यातलाच प्रकार.)

ही उशिरा पिकते. साखर कमी, आंबटपणा भरपूर. तिच्या वाइनमध्ये अल्कोहोल जेमतेम नऊ टक्के, चवही बेताचीच. पण आंबटपणामुळे ती वाइन बिघडत नाही. तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून तिचा अर्क काढतात आणि ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरवतात. वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा पुढे नाव काढतो ना, तसंच!

आता आमचं गडमुडशिंगी. इथे सगळा ऊस. आणि गंमत म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याचशा स्वस्त ब्रँडीत मुख्य भाग असतो तो उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा. द्राक्षाचा अंश थोडाच. थंडीत पोरांच्या छातीला चोळायला घरोघरी जी बाटली असायची, तिच्यात द्राक्षापेक्षा ऊसच जास्त असणार!

मग महाराष्ट्रात एवढी द्राक्षं पिकत असताना अशी जात का रुळली नाही? मला वाटतं, कारण हिशेबाचं आहे. थॉमसनला भाव पडला तरी वाटा असतात. बाजारात न्या, परदेशी पाठवा, नाहीतर बेदाणा करा. वाइनच्या द्राक्षाला दार एकच. २००१ साली राज्याचं वाइन धोरण आलं, शेतकऱ्यांनी हौसेनं वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीत मागणी आटली, माल पडून राहिला आणि कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. ती द्राक्षं ना खाता येत, ना वाळवता.

उसाचं तरी काय वेगळं? पण कारखान्याची तोड लांबली तर गुऱ्हाळ असतं. गुऱ्हाळं आता कमी झाली, तरी कोल्हापुरी गुळाचं ते दुसरं दार अजून पुरतं बंद झालेलं नाही.

नात्यातली शेती करणारी मुलं हे वाचतात, म्हणून लिहितो. करारावर नवं पीक लावा म्हणून कुणी आलं, तर भाव नंतर विचारा. आधी एवढंच विचारा, "तुम्ही नाही उचललं, तर हे आम्ही कुठं न्यायचं?"

असो. तुमच्या भागात काय अनुभव आहे, जरूर कळवा.