चेनकव्हर असलेली सायकल

गेल्या वर्षी शाळेच्या आरोग्य तपासणीत माझं एचबीएवनसी ६.२ निघालं. म्हणजे अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभी. आमच्या घरात अम्मीला साखर, खालाला साखर, मामूंचा तर एक पाय त्यात गेला. डॉक्टर म्हणाले, "रोज भराभर चाला." चार दिवस चालले आणि टाच एवढी दुखायला लागली की सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना डोळ्यांत पाणी यायचं. मग ते म्हणाले, "सायकल चालवा. घरात ठेवायची मिळते ती घेतली तरी चालेल."

घरात ठेवायची सायकल माझ्या नणंदेकडे आहे. तिच्यावर सध्या ओले टॉवेल वाळतात. शिवाय मला जागच्या जागी पाय मारायचे नव्हते. खरं सांगायचं तर डॉक्टरांनी 'सायकल' म्हणताच माझ्या मनात पहिल्यांदा साखर आलीच नाही, आठवली ती आमच्या गल्लीतली भाड्याची लाल सायकल. तासाला एक रुपया. दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल मारत मी शिकले होते, आणि भाईजानपेक्षा आधी शिकले होते. बारावं वर्ष लागलं तसं एके दिवशी अब्बा म्हणाले, "बस हुआ अब." रागावले नाहीत, समजावलंही नाही. भाईजान पुढे सायकलवर कॉलेजला गेला, मी पायी. एकतीस वर्षं झाली त्याला.

पैसे होते दहा हजार. आमच्या दहा जणींच्या भिशीचा माझा नंबर लागला होता. लेकीच्या प्रवेशाचे पैसे बाजूला काढलेले, त्यामुळे या दहा हजारांवर कोणाचा हक्क नव्हता, पण वर एक रुपयाही मिळणार नव्हता. मुलांचे अब्बू म्हणाले, "चल, बघून येऊ."

दुकानातला मुलगा पूर्ण वेळ त्यांच्याशीच बोलत होता. "सर, मॅडमला ही बघा. एकवीस गिअर, पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. आता हेच चालतंय." किंमत साडेअकरा हजार, पण 'सरांसाठी' दहा हजारांत देणार होता. मी विचारलं, "माझ्या उंचीला बसेल का?" तो म्हणाले, "मॅडम, सव्वीस इंची आहे, सगळ्यांना बसते." मला ते पटलं होतं. एवढ्या पैशांत एवढं सगळं मिळतंय म्हटल्यावर कोणाला पटणार नाही? नशीब एवढंच की त्या दिवशी मी रोख नेली नव्हती. आणि घरी आल्यावर भाचा म्हणाला, "खालाजान, माझी तशीच आहे. आठवडाभर चालवून बघा, मग घ्या."

नवी सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच राहील. उसनी घ्या, आठवडाभर चालवा, मगच दुकानात जा.

पहिल्या दिवशी फज्रनंतर निघाले. तोल गेला नाही, ते शरीर विसरत नाही. पण दांडा उंच, त्यामुळे चढताना-उतरताना पाय मागून फिरवावा लागे, आणि कमीज घालून ते करताना मला आपण सर्कशीत असल्यासारखं वाटे. हँडल लांब होतं. पुढे वाकून खांदे भरून आले, तळहात बधिर झाले. सस्पेन्शनचं तर काही विचारू नका. रेल्वे पुलाच्या चढणीवर जोर लावला की पुढचं स्प्रिंग खाली-वर व्हायचं. माझ्या पायांतली निम्मी ताकद रस्त्याऐवजी स्प्रिंगमध्ये जातेय असं वाटायचं. जाड खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर घुंऽऽ असा आवाज करत राहायचे. आणि एकवीस गिअरपैकी मी वापरले तीन.

चौथ्या दिवशी पडले. सलवारीचा उजवा पाय साखळीत गेला, दातांमध्ये अडकला आणि सायकल मला घेऊन आडवी झाली. समोरच एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं सायकलीचं दुकान होतं, ते नुकतंच शटर वर करत होते. मी आधी सायकलीकडे बघायला लागले. ते म्हणाले, "पैले हड्डी-गिड्डी टूटी क्या देखो. सायकल का मैं देखतूं." मग आतून कात्री आणली आणि सलवारीची मोहरी कापून मला मोकळं केलं. पाण्याचा ग्लास दिला. आणि विचारलं, "ये किसने दिया तुमना?"

त्या सकाळी त्यांच्या बाकावर बसून मी अर्ध्या तासात जे शिकले, ते मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. त्यातलं थोडं इथे लिहून ठेवते.

सव्वीस इंच हे चाकाचं माप आहे, सायकलीचं नाही. चाक तेच ठेवून चौकट लहान-मोठी असते, आणि अंगाला बसते किंवा बसत नाही ती चौकट. आपलं माप घरीच घेता येतं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये आडवं धरून वर घट्ट दाबायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं आलं २७ इंच. त्याला ०.८८ ने गुणलं की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत किती अंतर हवं ते मिळतं. माझ्यासाठी पावणेचोवीस इंच. हा गुणाकार मिस्त्रींचा नाही, तो मी नंतर वाचला. त्यांची रीत सोपी होती: सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. दोन्ही रीतींचं उत्तर बोटभर फरकाने एकच आलं. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात. मग गुडघे दुखतात आणि लोक म्हणतात, सायकल सोसत नाही.

स्वस्त सायकलीतलं सस्पेन्शन म्हणजे मुख्यतः लोखंडाचं वजन. दुकानदाराला दाखवायला ते बरं असतं. खडकाळ उतारावर जाणाऱ्याला चांगल्या प्रतीचं लागतंच, पण ते या किमतीत येत नाही. डिस्क ब्रेकचंही तसंच. रबरी गुटक्याचे साधे ब्रेक नीट लावलेले असतील तर मिरजेच्या सपाट रस्त्याला पुरून उरतात, आणि गल्लीतला कोणताही मिस्त्री ते दहा मिनिटांत दुरुस्त करतो.

व्हॉल्व्हकडे मी आयुष्यात कधी लक्ष दिलं नव्हतं. आपल्या जुन्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा, मोटरसायकलचा वेगळा, आणि महागड्या सायकलींना आणखी एक बारीक, लांब नळीचा असतो. त्या तिसऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानातला पंप बसत नाही. घेण्याआधी टोपी काढून बघावं.

आणि चेनकव्हर. गिअरच्या सायकलीला साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकते, म्हणून तिला पूर्ण बंद कव्हर बसत नाही. पॅंटवाल्याला एक क्लिप लावली की झालं. सलवार, साडी, लुंगी, पायजमा यांच्यासाठी मात्र पूर्ण कव्हर हवंच, आणि मागच्या चाकाला जाळीही, म्हणजे ओढणी आऱ्यांत जाणार नाही. यावर मिस्त्री म्हणाले, "दुपट्टा तो पैले बांधो, जाली का बादमें देखिंगे." ते बरोबरच होतं.

मी विचारलं, पण गिअर नसेल तर पुलाची चढण? त्यांनी बोटावर गणित केलं. पुढे ४४ दात, मागे १८. मागचं काढून २० दातांचं फ्रीव्हील घातलं की पायडल हलकं होतं. सपाटीवर वेग थोडा कमी होईल, पण मला कुठे शर्यत जिंकायची होती? डोंगराळ गावात राहणाऱ्यांनी मात्र हे ऐकू नये. साताऱ्याला किंवा रत्नागिरीला राहत असते तर मी गिअरचीच घेतली असती, आणि कपड्यांचं काहीतरी जमवलं असतं.

इथे मला आमच्या शाळेतल्या एका धड्याची आठवण झाली. एनसीईआरटीच्या आठवीच्या हिंदी पुस्तकात पी. साईनाथ यांचा 'जहाँ पहिया है' हा लेख होता. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, त्यांत मुस्लिम मुलीही होत्या. त्या वेळी लेडीज सायकली कमी पडल्या म्हणून बायकांनी जेंट्स घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येत होतं. मी तो धडा वाचला तेव्हा माझं लक्ष मुक्ती, स्वावलंबन वगैरे मोठ्या शब्दांकडे होतं. आता वाटतं, त्या बायकांना दांडा का हवा आणि मला का नको, हे प्रत्येकीला स्वतःचं ठाऊक होतं, आणि त्या लेखातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच होती.

तर मी पुढच्या रविवारी एकटी दुकानात गेले. दुसऱ्या दुकानात. साधी लेडीज सायकल घेतली. दांडा खाली वाकलेला, चाक सव्वीस इंची, टायर अरुंद, पूर्ण चेनकव्हर, मागे जाळी, पुढे टोपली. पुढचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेकच्या गुटक्यापाशी डोळा लावून बघितलं, चाक डुलत होतं. "रिम आउट आहे," मी म्हणाले. दुकानदाराने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि मुकाट्याने आरे आवळून दिले. तेवढ्या एका वाक्यासाठी मी मिस्त्रींची आयुष्यभर ऋणी राहीन.

हिशेब असा: सायकल ६,८०० रुपये, हेल्मेट ९००, पुढचा-मागचा दिवा ४५०, हातपंप ३५०, कुलूप २५०, आणि फ्रीव्हील व सीटची लांब नळी बदलण्याचे ५००. एकूण ९,२५०. उरलेले साडेसातशे सर्व्हिसिंगला ठेवले. नव्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा आणि आरे सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ढिले पडतात, ते आवळून घ्यावेच लागतात. हेल्मेटवरून घरात वाद झाला. साध्या सायकलीला कशाला, म्हणून. स्कार्फवर हेल्मेट बसतं, फक्त मागची गाठ सपाट बांधावी लागते आणि दुकानात जाताना स्कार्फ बांधूनच माप घ्यावं लागतं.

सायकल घरी आणली तेव्हा अब्बा आमच्याकडेच होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रेल्वेत होते, सगळी नोकरी चोवीस इंची काळ्या सायकलीवर केली. मी सायकल स्टँडला लावली आणि आत निघून गेले. मुद्दामच. खिडकीतून बघत होते. ते उठले, पायडल उलटं फिरवून फ्रीव्हीलचा आवाज ऐकला. पुढचा ब्रेक दाबला. टायर अंगठ्याने दाबून बघितला. मी चहा घेऊन बाहेर आले तर म्हणाले, "हवा कम है आगे की."

मी म्हणाले, "भरतूं अब्बा."

एकतीस वर्षांपूर्वीचं काही मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं. ते चहा पीत होते आणि हात थरथरत होता, मग राहू दिलं. मी माफ केलं असंही नाही आणि मनात धरून ठेवलंय असंही नाही. त्या दिवशी पंप मीच मारला, आणि ते बघत होते.

आता आठवड्यातून पाच दिवस फज्रनंतर निघते. दर्ग्यावरून, सतारमेकर गल्लीतून. तिथे भोपळे टांगलेले असतात आणि दुकानं अजून बंद. मग कृष्णाघाटाकडे. हिवाळ्यात मिरजेला उजाडायला सात वाजतात, म्हणून दिवे. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम हवा म्हणतात, तेवढा होतो. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दम लागला की वेग बरोबर. सहा महिन्यांनी साखर ५.९ आली. भातही कमी केला होता, त्यामुळे सगळं श्रेय सायकलीला देत नाही. टाच दुखत नाही.

लोक काय म्हणतात, हे तुम्ही विचारणारच. पहिल्या आठवड्यात गल्लीत एकाने म्हटलं, "क्या टीचर, पेट्रोल परवडत नै क्या?" सासूबाई अजून मोठ्या रस्त्याने जाऊ नको म्हणतात, आणि ट्रक बघता त्या चूक नाहीत. माझे विद्यार्थी मात्र सिग्नलला दिसले तर मोठ्याने "अस्सलामु अलैकुम टीचर!" ओरडतात आणि शर्यत लावतात. वर्गात मी त्यांना सांगितलं की मराठीत सायकलीला पूर्वी 'पायगाडी' म्हणत. तेव्हापासून माझ्या सायकलीचं शाळेत तेच नाव पडलंय.

गेल्या गुरुवारी मधल्या सुट्टीत आमच्या भिशीतल्या एक सहशिक्षिका हळूच जवळ आल्या. पुढचा नंबर त्यांचा आहे. "बाजी, ते माप कसं घेतात म्हणालात?" आम्ही स्टाफरूमचं दार लावलं. जाड पुस्तक काही सापडेना, म्हणून सहावीची दोन बालभारती एकावर एक ठेवली आणि त्यांना भिंतीला उभं केलं. २९ इंच आलं. माझ्यापेक्षा दोन इंच जास्त. त्यांना माझी सायकल चालणार नाही.