दहा फिल्डर आणि पृथ्वी शॉ

पृथ्वी शॉचा विषय निघाला की आमच्या नेरुळच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. गंमत अशी की दोन्ही पार्ट्यांना तो मनापासून आवडतो. एक पार्टी म्हणते, असा बॅट्समन दहा वर्षांत एक होतो, त्याला सांभाळून घ्यायला हवं होतं. दुसरी म्हणते, सांभाळायचं म्हणजे किती? बॉल बाजूने गेला तरी जो वाकत नाही त्याला कोणी आणि का सांभाळावं? डिसेंबर २०२५ च्या आयपीएल लिलावात दिल्लीने त्याला ७५ लाखांना परत घेतलं, तेव्हापासून हा वाद नव्याने पेटलाय. त्यावर थोडं सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो.

आधी उजळणी. नोव्हेंबर २०१३, हॅरिस शिल्ड, रिझवी स्प्रिंगफिल्डकडून ५४६ धावा, वय फक्त चौदा. २०१८ ला त्याच्या कॅप्टन्सीत एकोणीस वर्षांखालचा वर्ल्ड कप आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. २०२०-२१ च्या विजय हजारे स्पर्धेत एका मोसमात ८२७ धावा. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीत याच्यापेक्षा मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३, तीही १९४८ सालची. आणि हे सगळं विरारहून लोकलने येणाऱ्या, आई लहानपणीच गेलेल्या, वडिलांच्या मागे किट घेऊन धावणाऱ्या पोराने केलंय. मुंबईकराला, आणि आम्हा खाडीपलीकडच्यांनाही, तो आपला वाटतो तो यामुळेच.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नाही. डिसेंबरमध्ये मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला, त्या संघात तो होता, आणि करंडक जिंकून दोन दिवस होतात न होतात तोच विजय हजारेच्या यादीतून त्याचं नाव गायब! त्यावर त्याने सोशल मीडियावर आकडे मांडले. ६५ डाव, ३३९९ धावा, सरासरी ५५.७, स्ट्राइक रेट १२६. देवा, अजून काय काय बघायला लावणार आहेस, असा एकूण सूर.

त्यानंतर मुंबई क्रिकेट संघटनेच्या एका अधिकाऱ्याने नाव न सांगता वृत्तसंस्थेला जे सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. मतितार्थ असा, की मुश्ताक अलीत आम्ही दहाच फिल्डर घेऊन खेळत होतो, कारण शॉला कुठेतरी लपवावं लागायचं, बॉल जवळून गेला तरी तो पोचायचा नाही. कॅप्टन श्रेयस अय्यरही फायनलनंतर जाहीरपणे बोलला होता. प्रतिभा वादातीत आहे, पण आता मेहनत त्याची त्यानेच करायची, कोणाला बोट धरून चालवणं आम्हाला जमणार नाही, असं काहीसं.

आता शॉने मांडलेले आकडे परत वाचा. सगळे बॅटिंगचे. आरोप फिल्डिंगचा आणि उत्तर सरासरीचं! नोकरीत साहेब म्हणतोय तू वेळेवर येत नाहीस, आणि आपण दहावीची मार्कशीट दाखवतोय, त्यातली गत. मला तो मुलगा खोटारडा वाटत नाही. त्याला खरंच वाटत असणार की आपण सगळं दिलंय. कारण चौदाव्या वर्षापासून त्याला जे जे मिळालं, ते धावा मोजूनच मिळालं. कौतुक, कॉन्ट्रॅक्ट, हेडलाइन, सगळं. त्या ५४६ च्या दिवशी त्याने फिल्डिंग कशी केली हे कोणाला आठवतंय? मुळात कोणी बघितलं तरी होतं का?

‘लपवणं’ म्हणजे नक्की काय, हेही जरा समजून घेऊ, कारण बरेच जण म्हणतात की एक फिल्डर ढिला असला तर काय एवढं. टी-ट्वेंटीत पहिल्या सहा ओव्हर सर्कलबाहेर दोनच माणसं ठेवता येतात, नंतर जास्तीत जास्त पाच. त्यातला एक जण पळत नसेल, तर सीमारेषा चौघांनी राखायची. मग त्याला शॉर्ट फाइन लेगला ठेवायचं, कारण तिथे पळापळ कमी. डावखुरा बॅट्समन स्ट्राइकला आला की पुन्हा त्याला दुसरीकडे हलवायचं. शॉर्ट फाइन आत म्हणजे तिथला बाहेरचा माणूस कमी, म्हणजे बॉलरने पायाकडे टाकायचं नाही. एका माणसाच्या पायांमुळे बॉलरची लाइन बदलते, बघा. शिवाय समोरचे बॅट्समन काही आंधळे नसतात. पहिल्या ओव्हरलाच हेरतात, की याच्याकडे मारलं की एकाचे दोन. आणि विकेट न मिळाल्याचं खापर फुटतं बॉलरवर. स्कोअरबुकात त्याच्या नावापुढे ४ ओव्हर ४२ लिहिलं जातं, त्यातले सहा-आठ रन कोणी दिले ते कुठेच लिहिलेलं नसतं. माझा राग आहे तो या अदृश्य उसनवारीवर. धावा करणाऱ्याचं खातं भरतं आणि वजावट दुसऱ्याच्या खात्यातून होते.

ऑस्ट्रेलियात त्यांचा तो अंडाकृती बॉलचा फुटबॉल आहे ना, ऑस्ट्रेलियन रूल्स, त्यातही हुबेहूब हेच भांडण चालतं. मधल्या फळीचा हुशार खेळाडू बॉल मिळाला की सुसाट, पण बॉल समोरच्या टीमकडे गेला की चालायला लागतो, असा चाहत्यांचा ओरडा. फरक एवढाच की तिथे किती टॅकल केले, किती वेळा अंग झोकून समोरच्याची किक अडवली, हे मोजून छापतात. असल्या बारीकसारीक कामांसाठी तर एक वेगळा रकानाच आहे, ‘वन पर्सेंटर्स’ नावाचा. आपल्या स्कोअरकार्डात झेल आणि रनआउट सोडलं तर फिल्डिंगचं काहीच नाही. सुटलेला झेलसुद्धा नाही.

इथे आमचे खालच्या मजल्यावरचे काका हमखास सोलकर काढतात. “अरे, एक्कीला कोणी अ‍ॅव्हरेज विचारलं का कधी?” हा त्यांचा ठरलेला डायलॉग. पण मुद्दा बिनतोड आहे. एकनाथ सोलकर, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. २७ कसोटी, बॅटिंगची सरासरी २५ च्या आसपास, शतक एकच. झेल मात्र ५३! तेही बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटपासून दोन हातांवर, हेल्मेट नसताना. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलला आपण जिंकलो त्यात चंद्रशेखरच्या सहा विकेट सगळ्यांना पाठ असतात. पण वेंकटच्या बॉलिंगवर अ‍ॅलन नॉटचा जो झेल सोलकरने पुढे झेपावून घेतला, त्याचा फोटो अजून जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. शॉची पाच कसोटींतली सरासरी ४२ च्या वर आहे. तो पाच कसोट्या खेळला, सोलकर सत्तावीस. बाकी कारणं असतीलच, अ‍ॅडलेडच्या त्या ० आणि ४ पासून सगळी. पण त्याच अ‍ॅडलेडला लाबुशेनचा सोपा झेल त्याच्या हातून सुटला होता, हे त्याचे चाहते सोयीस्कर विसरतात.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. या वादात लगेच पोटावर घसरणारे लोक. शॉचे फोटो टाकून वडापावचे जोक करायचे, याला फिल्डिंगवरची टीका म्हणत नाहीत. कुर्ल्याचा सर्फराज बघा. त्याच्या अंगकाठीवर काय कमी बोललं गेलं? पण फेब्रुवारी २०२४ मध्ये रांचीत तो बॅटच्या तोंडाशी उभा राहायला निघाला, तोही हेल्मेट न घालता! रोहितने स्टंप माइकवर झापलं, “ए भाई, हिरो नहीं बननेका.” अंग मोठं असणं वेगळं आणि अंग चोरणं वेगळं. रोहितला तरी कोण सडपातळ म्हणेल? दुबईत फेब्रुवारी २०२५ मध्ये अक्षर पटेलच्या हॅट्ट्रिक बॉलवर जाकेर अलीचा झेल त्याने स्लिपमध्ये सोडला. जमिनीवर हात आपटले, अक्षरची तिथल्या तिथे माफी मागितली आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणाला की त्याला जेवायला नेतो. झेल सगळ्यांचेच सुटतात. सुटल्यावर तो माणूस कुठे बघतो, यावरून टीमला बरंच कळतं.

आणि उत्तरदायित्व म्हणाल तर ते एकट्या शॉचं नाही. ज्या अधिकाऱ्याने हे सांगितलं त्याने नाव का नाही लावलं? दहा फिल्डर घेऊन खेळत होतात, तर अकरावा निवडला कोणी? मुश्ताक अलीत त्याच्या धावा बेताच्याच झाल्या होत्या. समजा रोज सत्तर मारले असते, तर लपवायला काही हरकत नव्हती का? माझा अंदाज आहे, नसती. आणि तसं असेल तर पोराला कोणत्या तोंडाने शिस्त शिकवणार? नियम करायचा तर पहिल्या दिवशी, धावा होत असताना करा. पंचविशीत आल्यावर अचानक आठवण झाली म्हणून नाव खोडायचं, तेही करंडकाचं सेलिब्रेशन आटपल्यावर, हे मला भित्रेपणाचंच लक्षण वाटतं.

उलट चित्र आपण आपल्या घराशेजारी पाहिलंय. २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील. पावसाने मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, संपायला मध्यरात्र झाली, आणि मी वरच्या स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत ओरडत होतो. शफाली वर्माचे ८७ आणि दीप्तीच्या पाच विकेट यांवर पानंच्या पानं लिहून झालीत. पण स्टेडियमचा आवाज खऱ्या अर्थाने दोनदा फुटला तो अमनजोत कौरमुळे. एकदा तिने थेट थ्रोवर ताझमिन ब्रिट्सला रनआउट केलं तेव्हा. आणि नंतर वोल्वार्ट १०१ वर असताना तिचा उंच उडालेला झेल अमनजोतच्या हातांतून निसटला, परत निसटला, आणि शेवटी एका हातात अडकला तेव्हा. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी माझा दंड एवढा आवळला की सकाळी वळ होता! वोल्वार्ट राहिली असती तर ते ५२ धावांचं अंतर राहिलं असतं का? तीन दिवस आधी त्याच मैदानावर जेमिमा ८२ वर असताना हिलीने तिचा झेल सोडला होता, आणि ऑस्ट्रेलिया घरी गेली. फिल्डिंग आणि फिटनेसवर अमोल मुजुमदार सरांनी प्रशिक्षक झाल्यापासून जोर धरला होता. मुंबईसाठी डोंगराएवढ्या धावा करूनही भारतीय संघाची टोपी न मिळालेला माणूस. सरासरीने सगळं मिळत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आता आपल्या गल्लीत या. रविवारी सकाळी नेरुळ, सीवूड्स, सानपाडा, कुठेही जा. पोरं दिसतात ती नेट्समध्ये किंवा टर्फवर. नेट्समध्ये वीस मिनिटं बॅटिंग, मग बाटली उचलून घरी. टर्फला चारी बाजूंनी जाळी, बॉल जाळीला आपटून परत येतो, धावायचं कशाला? डाइव्ह मारली तर त्या प्लास्टिकच्या गवताने गुडघा सोलतो. आई-बाप गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात, “किती केलेस?” किती वाचवलेस, असं विचारणारा बाप मी तरी अजून पाहिला नाही. आझाद मैदानावर, कांगा लीगमध्ये, भर पावसात चिखलात घसरत बॉल अडवणारी पोरं तयार झाली ती मैदान होतं म्हणून. आपल्याकडे मैदानाचं काय चाललंय ते घणसोलीवाल्यांना विचारा. क्रीडा संकुलासाठी राखलेली जागा, त्यातला भाग सिडकोने बिल्डरला दिला, आणि संकुल कुठे हलवायचं ठरलं, तर रायगडमध्ये माणगावजवळ, शंभरावर किलोमीटर लांब! २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला म्हणून बरं. पळायला जागाच नाही ठेवली तर फिल्डर काय ऑनलाइन मागवणार आहोत?

शॉ आता महाराष्ट्राकडून खेळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध त्याने २२२ मारले, द्विशतक १४१ चेंडूंत. बॅट अजून तशीच बोलते, त्याबद्दल कोणाचंच दुमत नाही. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर त्याच्या कव्हर ड्राइव्हचे व्हिडिओ धडाधड पडले. मी एकच विचारलं, फिल्डिंगला कुठे उभा होता रे? कोणालाच माहीत नव्हतं. मॅचच्या हायलाइट्समध्ये ते दाखवत नाहीत.

आता आयपीएलमध्ये दिल्ली खेळेल तेव्हा मी त्याची बॅटिंग बघेनच, पण त्याला पॉवरप्लेमध्ये पॉइंटला उभं करतात की शॉर्ट फाइन लेगला, तेही बघणार आहे. पॉइंटला दिसला तर काकांना पार्टी माझ्याकडून.