सत्तर रुपयांची तूट

जमाखर्च लिहिण्याची मला हौस आहे, आणि तो जुळला नाही की मला झोप येत नाही. आमच्या सौभाग्यवती याची गणना व्यसनात करतात. मागे एकदा दर महिन्याला साठ-सत्तर रुपयांची तूट येऊ लागली. रक्कम क्षुल्लक, पण जाते कुठे? सकाळचे दूध आणायला धुणेभांडी करणाऱ्या मावशी जात. मी तोंडातून अवाक्षर काढले नाही. फक्त त्यांच्यादेखत सुटे पैसे दोनदा मोजू लागलो. दिवाळीआधीच त्यांनी आमचे काम सोडले.

त्याच सुमारास एक खगोलशास्त्राचे पुस्तक हाती आले, आणि थोरामोठ्यांचे हिशेबही असेच अडतात हे पाहून मला काहीसा धीर आला. युरेनस हिशेबाप्रमाणे चालेना, तेव्हा लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने ठरवले की कुणीतरी न दिसणारा त्याला ओढतो आहे. त्याने बर्लिनला गाले यांना पत्र धाडले. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री, सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून सापडला! पुढे बुधाची कक्षाही थोडी अधिक सरकताना दिसली. आजच्या मापाने शतकात अवघ्या 43 विकला, म्हणजे अंशाचा सुमारे चौऱ्यांशीवा भाग. लव्हेरिएने पुन्हा एक लपलेला ग्रह कल्पिला. त्याचे 'व्हल्कन' असे बारसेही झाले, आणि खेड्यातल्या एका डॉक्टरला तो म्हणे दिसलाही! 1877 साली लव्हेरिए वारला. व्हल्कन काही सापडला नाही. 1915 साली आइन्स्टाइनने दाखवले की तिथे लपलेले कुणीच नव्हते. ओढीचा नियमच सूर्याजवळ थोडा निराळा होता.

आता तोच पेच दीर्घिकांचा आहे. 1970 साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका मोजली. तिच्या कडेचे वायुमेघ मंदावायला हवे होते, ते मंदावले नव्हते. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तिथे अदृश्य द्रव्य आहे. विश्वात ते दिसणाऱ्याच्या पाचपट तरी असावे. 1983 साली इस्राएलच्या मिलग्रोम यांनी उलट विचारले: नियम थोरल्या ओढीवर तपासला, तोच धाकट्या ओढीला लागू कशावरून? ही धाकटी ओढ पृथ्वीवरल्या ओढीच्या आठ हजार कोटींव्या हिश्शाएवढी! तिच्याखाली गुरुत्व हळू ओसरते असे धरले, तर दीर्घिकांचे हिशेब बरेचसे जुळतात. मात्र दीर्घिकांच्या समूहांत त्यांनाही थोडे अदृश्य द्रव्य उसने घ्यावे लागते. शिवाय 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुलेट' समूहांच्या टकरीत वायू मधे अडकला, पण वजन दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेल्याचे दिसले. पारडे अदृश्य द्रव्याकडेच झुकते, हे मला कबूल आहे. त्याचा एक कणही अजून कुणाच्या हाती लागलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

पण माझे मन मिलग्रोमकडे ओढ घेते. त्याला कारण घडले. एका संध्याकाळी सौभाग्यवती माझी वही चाळता चाळता थबकल्या. "अहो, पाऊण लिटर दुधाला तुम्ही अर्ध्याच्या दीडपट पैसे मांडता. पाव लिटरची पिशवी अर्ध्याच्या निम्म्या भावात कुठे मिळते? छोट्या पिशवीला दोन-अडीच रुपये जास्तच पडतात."

तीस दिवसांचे गणित मी मनातच केले.

मावशी आता पलीकडच्या इमारतीत कामाला आहेत. जिन्याशी भेटल्या की विचारतात, "काका, बरं आहे ना?" मी बरे आहे म्हणतो. वहीतली चूक मी लाल शाईने दुरुस्त केली आहे. त्यांना अजून सांगितलेली नाही.