सुट्या गोळ्या

7 एप्रिल, संग्रामपूर
शटर वर केलं तेव्हा तीन बाया पायरीवर बसलेल्या. कांदा काढायला निघालेल्या. "दादा, आंगदुखीच्या दोन-दोन गोळ्या दे." पूर्ण स्ट्रिप कुणीच मागत नाही. डायक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हटलं. "मंग किराण्यातून घेतो."
पॅरासिटामॉल दिली. पाणी जास्त प्या म्हणणार होतो. कोणतं पाणी?

8 एप्रिल
ऊन फार.

10 एप्रिल
शेजारचे भाऊ शेगावहून डायलिसिस करून आले. पंचेचाळिशीही नाही. वीस वर्षं सालदारकी केली. डाव्या हातावरचा फिश्चुला फुगलाय. बोट ठेवलं की आत रक्त थरथरतं.
महात्मा फुले योजनेत उपचार फुकट. जाणं-येणं फुकट नाही. सोबत वहिनी, तिचीही मजुरी बुडते. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलंय. ते दोनदाच जातात, सोमवारी आणि गुरुवारी.

11 एप्रिल
हापशाचं पाणी मीटरनं तपासलं. टीडीएस चार अंकी. मानक 500, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. दिसायला नितळ. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हा सगळा पूर्णेचा खारपाणपट्टा. वर सोनाळा-टुनकीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागा आणि गोड विहिरी.
वाण धरणावरून 140 गावांची योजना आली, हे मोठं काम झालं. पण ज्याच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी, त्याचं गोड पाणी पुरतं. वहिनीकडे तीन गुंड.

12 एप्रिल
निवृत्त गुरुजी महिन्याच्या गोळ्या घेऊन गेले. त्यांचंही क्रिएटिनिन वाढलेलं, कित्येक वर्षांपासून. दर तीन महिन्यांनी तपासतात, बीपीची गोळी चुकत नाही, घरी आरओ. अजून मशीनवर जावं लागलं नाही. गुरुजी आणि भाऊ एकाच गल्लीत, एकाच विहिरीवर वाढले.
डॉक्टर एकट्या पाण्यावर ठपका ठेवत नाहीत. बीपी, साखर, ऊन, वेदनाशामक गोळ्या, सगळं मोजतात. मला त्या यादीत मजुरी लिहावीशी वाटते.

13 एप्रिल
रात्री मायकेल मार्मोट यांच्याबद्दल वाचलं. लंडनच्या सरकारी नोकरांचा 1967 पासूनचा अभ्यास. सगळे पगारदार, तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्यांच्या तिप्पट. आमच्याकडे तर पगारच नाही.

14 एप्रिल
जयंती. मिरवणूक छान झाली. चवदार तळ्यावर भाषण, 20 मार्च 1927. लोक शांत ऐकत होते. पाणपोईवर थंडगार जार.
भाऊ ओट्यावरून पाहत होते. आज सोमवार. शेगावला गेले नाहीत. विचारलं तर बोलले नाहीत. वहिनी म्हणाली, "भाड्याले नव्हते."
मला सांगायचं होतं ना.

16 एप्रिल
भाऊंचे पाय सुजलेत. रात्री आडवं होता येईना, दम लागला. पहाटेच गाडी केली.

17 एप्रिल
काल चार तास डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर होतो. तंत्रज्ञाशी बोललो. मशीनला मिनिटाला अर्धा लिटर द्रव लागतो. म्हणजे एका माणसाला एका वेळी 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी. वहिनी ऐकत होती. "हे पाणी पेता येते काय?" तो म्हणाला, येतं.
ती बराच वेळ आरओच्या टाक्यांकडे बघत राहिली.

18 एप्रिल
भाऊ बरे आहेत. जेवले.

20 एप्रिल
वहिनीला बळेच दुकानात बसवून बीपी घेतला. 168/104. पुन्हा घेतला, तेवढाच. उद्या दवाखान्यात चल म्हटलं. "कांदा निंघाला का मंग पाहू." दोघांचं पोट आता तिच्या एकटीच्या मजुरीवर.
एक वही केली. सकाळी कामावर जाणाऱ्या बायांचा बीपी घेऊन त्यात लिहायचा. पैसे घ्यायचे नाहीत. पहिलं नाव वहिनीचं. आशाताई उद्या सातला येते म्हणाल्या.